नऊ महिने, चार टॅग: किल्ल्या सापडल्या, बाबा रुसले

वस्तू हरवण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही. म्हणून नऊ महिन्यांपूर्वी एकदम चार ट्रॅकर टॅग घेतले, म्हणजे वस्तूला लावायचे आणि फोनवरून शोधता येणारे छोटे तुकडे. एक घराच्या किल्ल्यांच्या जुडग्याला, एक माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत, एक गाडीच्या किल्लीला आणि चौथा बाबांच्या पिशवीत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारी टॅगपेक्षा माझ्याबद्दलच्या आहेत.

घेताना मला नकाशाचं कौतुक होतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वापरलं ते टॅग वाजवायचं बटण. मागच्या महिन्यात जुडगा सापडेना. फोनवरून वाजवला तर आवाज कपाटातून, अगदी बारीक, उशी तोंडावर धरून कोणी शीळ घालावी तसा. पांघरुणांची चळत एकेक करून उतरवली. तिसऱ्या पांघरुणाखाली आवाज मोठा झाला, चौथ्याच्या घडीत किल्ल्या. घड्या मीच घातल्या होत्या. असा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी येतो. नुसत्या तेवढ्यासाठी घेतले असते तरी पैसे वसूल.

नकाशाचं मात्र नीट समजून घ्या. या छोट्या टॅगमध्ये जीपीएस नसतं. तो ब्लूटूथवरून आपली खूण सोडत राहतो, जवळून जाणारा कोणाचा तरी फोन ती टिपतो आणि स्वतःचं ठिकाण जोडून पुढे पाठवतो. म्हणजे वर्दळ असेल तिथे टॅग हुशार, निर्जन जागी मुका. लॅपटॉपची बॅग एकदा एका मीटिंगच्या जागी राहिली. ऑफिस बंद झालेलं, आत कोणी नाही. ॲप रात्रभर एकच सांगत होतं, ‘शेवटचं दिसलं: ५ तासांपूर्वी’, मग ‘९ तासांपूर्वी’. बॅग तिथेच होती, पण सकाळपर्यंत माझा जीव टांगणीला. असे टॅग टिपणाऱ्या फोनांचं कंपनीचं एक जाळं असतं. गूगलच्या जाळ्यात तर मुळात असं ठरवलेलं आहे की एकापेक्षा जास्त फोनांनी टॅग टिपल्याशिवाय ठिकाण दाखवायचं नाही. कोणा एकट्यादुकट्याच्या घराचा पत्ता त्यातून फुटू नये, हा हेतू. म्हणजे जी गोष्ट मला गैरसोय वाटली, तीच दुसऱ्या कोणाचं तरी कुंपण आहे. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येकाला आपल्या फोनपुरतं ते बदलता येतं.

‘कंपनीला सगळं कळत असेल ना?’ हे मला सगळे विचारतात. ॲपल आणि गूगल या दोघांच्या जाळ्यांत ठिकाण कुलूपबंद होऊन जातं, ते मालकाच्या फोनवरच उघडतं, आणि टॅग सोडत असलेली खूणही ठरावीक वेळाने बदलत राहते. प्रत्येक कंपनी एवढं करतेच असं धरून चालू नका, घेण्याआधी तेवढं तपासा.

माझा पहिला दणका कंपनीकडून आलाच नाही, आला तो ताईकडून. ती आमची गाडी घेऊन बाहेरगावी गेली. वाटेत तिच्या फोनवर इशारा आला, की एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय. ती एकटी, अंधार पडलेला. गाडी बाजूला घेऊन तिने सीटखाली, डिकीत सगळीकडे चाचपलं आणि मग मला फोन केला. ‘अरे, कोणीतरी माझ्या मागावर आहे.’ तो कोणीतरी मीच होतो. तिला आधी सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

इशारा आला हे मात्र चांगलंच झालं. ॲपलने एप्रिल २०२१मध्ये एअरटॅग हा आपला टॅग आणला तेव्हा मालकापासून दुरावलेला टॅग ३ दिवसांनी आपणहून वाजायचा. ओरड झाल्यावर जूनमध्ये ते ८ ते २४ तासांवर आणलं. पुढे मे २०२४मध्ये ॲपल आणि गूगलने मिळून एकच पद्धत आणली. ती पाळणारा टॅग सोबत फिरत असेल तर आयफोनलाही कळतं, अँड्रॉइडलाही. याचाच दुसरा अर्थ, चोरालाही कळतं. तेव्हा गाडी चोरीला जाईल म्हणून टॅग लावणार असाल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. हरवलेल्या वस्तूसाठी तो आहे, पळवलेल्या वस्तूसाठी अर्धामुर्धा. घरात दोघंतिघं एकच किल्ली वापरत असतील तर ॲपमधून टॅग शेअर करा. एअरटॅग २०२३पासून आणखी ५ जणांशी शेअर करता येतो, मग त्यांना हे इशारे येत नाहीत.

सेलबद्दल थोडक्यात. वर्षभर चालेल म्हणाले होते, माझा एक आठव्या महिन्यात गेला. लागतो सीआर २०३२, म्हणजे २० मिलीमीटर रुंद, ३.२ जाड. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो आणि त्यामुळे काही टॅग चालूच होत नाहीत. मी दोन सेल बदलले, टॅगला शिव्या घातल्या, मग कळलं. लेप नसलेला आणलात तर लहान मुलांपासून लांब ठेवा, गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो.

आता चौथा टॅग. बाबा पिशवी कुठेही विसरतात, म्हणून त्यांना विचारूनच लावला. महिन्याभरात मला सवय लागली, काम करता करता मधेच नकाशा उघडायचा, पिशवी कुठे आहे बघायचं. पिशवी हरवलेली नसायची. एका संध्याकाळी सहज विचारलं, ‘बाबा, आज वाचनालयातून पुढे कुठे गेला होतात?’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘पिशवीला विचार की.’

दुसऱ्या दिवसापासून पिशवी खुंटीला, आणि बाबा कापडी थैली घेऊन बाहेर.

आठवडाभर दोघंही काही बोललो नाही. मग मी तो टॅग माझ्या फोनवरून काढला, त्यांच्या फोनला जोडून दिला आणि कसा वाजवायचा ते दाखवलं. माझ्याशी शेअर करायचं का, हे विचारलं नाही, त्यांनीही तो विषय काढला नाही. हल्ली तो त्यांच्या चष्म्याच्या डबीला चिकटवलेला असतो. दुपारी आतल्या खोलीतून वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. डबी बहुतेक वेळा त्यांच्या खिशातच असते.