सेल्फ जळाला सांगून माझीच मोटर मला विकली

पुरानंतर बडोद्यात ज्यांनी दुचाकीचा सेल्फ, म्हणजे बटण दाबल्यावर इंजिन फिरवणारी मोटर, बदलून घेतला, त्यांनी एकदा नव्या मोटरवरचा काळा रंग खरवडून पाहावा. माझ्या पल्सरला बसवलेल्या ‘नव्या’ मोटरच्या रंगाखाली माझीच जुनी मोटर निघाली.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी अकोटा, फतेगंज भागात घुसलं, तेव्हा पार्किंगमध्ये गाडी दोन दिवस पाण्यात होती. ऑइल बदललं, कार्ब्युरेटर साफ केला, किकवर गाडी चालू झाली. सेल्फ दाबला की मात्र नुसतं टक्-टक्. दांडिया बाजारातले आमचे नेहमीचे मिस्त्रीकाका तेव्हा गावाला गेलेले. म्हणून जवळच्याच एका गॅरेजात नेली. तिथे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत.

गॅरेजवाल्याने मोटर काढून फरशीवर ठेवली आणि माझ्यासमोर टेस्ट केली. बॅटरीवरून दोन वायरी आणल्या, इंडिकेटरला असतात तशा बारीक. एक मोटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला टेकवली. मोटर ढिम्म. “जोयुं ने काका? सेल्फ बळी गयो.” म्हणजे, पाहिलंत ना, सेल्फ जळाला.

ही टेस्ट म्हणजे शुद्ध नाटक होतं. हेडलाइटचा 35 वॉटचा बल्ब जेमतेम तीन अँपिअर खातो. सेल्फ इंजिन फिरवताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. म्हणून तर त्याची केबल चांगली जाड असते. मोकळी मोटरसुद्धा सुरुवातीला जोराचा झटका घेते, तो बारीक वायरीतून मिळत नाही. शिवाय बॉडीची वायर त्याने टेकवली होती रंगावर, उघड्या धातूवर नाही. म्हणजे सर्किट पुरं होतच नव्हतं. ठिणगीसुद्धा उडाली नाही, आणि खरी गोम तिथेच होती. सर्किट पुरं असतं, तर मोटर चांगली असो वा आतून शॉर्ट, वायर टेकवताच ठिणगी उडाली असती.

मोटरचे 2,600 आणि मजुरी वेगळी. जुनी मोटर मागितली तर म्हणे भंगारात गेली. सेल्फ लागला, मी निघालो.

थंडी पडली तसं पुन्हा टक्-टक्. एव्हाना मिस्त्रीकाका परतले होते. त्यांनी मोटरला हातच लावला नाही. मल्टिमीटर बॅटरीला लावला: साडेबारा व्होल्ट. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि म्हणाले, “दाब सेल्फ.” इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा; दिसला साडेतीनच्या वर. अर्थची केबल, म्हणजे बॅटरीच्या मायनसवरून येणारी, जिथे इंजिनला बोल्टने आवळतात तिथे हिरवा गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला आणि सेल्फ पहिल्या फटक्यात लागला. गॅरेजवाल्याने मोटर काढता-घालताना बॅटरी सोडली, केबली हलवल्या, तेवढ्यानेच काही दिवस कनेक्शन जमलं होतं.

“काका, मोटर तर नवीच आहे,” मी म्हणालो. ते वाकले, पेचकसाने रंग खरवडला. झाकण आणि बॉडीच्या सांध्यावर सेंटर पंचचे समोरासमोर दोन ठिपके. मागे मोटरचे कार्बन (आतले ब्रश) बदलताना झाकण पुन्हा त्याच जागी बसावं म्हणून त्यांनीच मारलेले. “हे माझे आहेत की!” मग मोटर काढून जाड जंपर केबलने थेट बॅटरीवर फिरवली. अशी भणाणली की हातातून सुटायला बघत होती.

तुमच्याकडेही कोणी सेल्फ जळाल्याचं सांगितलं, तर गाडी न्यूट्रलला ठेवून रिलेचे (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचे) दोन जाड बोल्ट जुन्या पेचकसाने क्षणभर जोडायला सांगा. तिथे मोटर फिरली तर दोष रिलेत किंवा बटणाच्या वायरिंगमध्ये. नाही फिरली, तरी आधी बॅटरी आणि अर्थ तपासल्याशिवाय मोटर उघडू देऊ नका. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीत तर आधी अर्थच. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र पेचकसाचा प्रयोग नको, ठिणगी उडते.

गॅरेजवाल्याला मोटर दाखवली. म्हणाला, दुकानातून आली तशीच बसवली. चिठ्ठीवर ना पार्ट नंबर ना जीएसटी, फक्त ‘सेल्फ नवा’. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावतो म्हटल्यावर दीड हजार काढून दिले. उरलेल्या पैशांत पुढची सर्व्हिस फुकट करून देतो म्हणतो. गाडी पुन्हा त्याच्याच हातात द्यायची, ही सवलत मी अजून घेतलेली नाही.