सिग्नल आणि जीसी एकाच प्रोसेसमध्ये: फ्लॅग, सेल्फ-पाइप, सिग्नलएफडी की वेगळा थ्रेड?

जीसी (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर) असलेल्या भाषेचा रनटाइम, म्हणजे तिचे प्रोग्राम चालवणारा थर, लिहिताय, किंवा सी मधल्या प्रोग्रामात जीसी बसवलाय, आणि आता सिगटर्म (बंद हो), सिगइंट (कंट्रोल-सी), सिगचाइल्ड (चाइल्ड प्रोसेस संपली) असे सिग्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमकडून प्रोसेसला येणाऱ्या सूचना, नीट हाताळायचेत, तर चालणारे पर्याय चारच आहेत. पाचवा जो सगळ्यांना आधी सुचतो, म्हणजे हँडलरमध्येच (सिग्नल आला की चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या फंक्शनमध्ये) काय ते काम उरकून टाकायचं, तो आधी बाद करून टाका.

का ते जरा जवळून बघू. समजा तुमचं अ‍ॅलोकेशन अगदी साधं आहे, हीपचा (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीचा) पॉइंटर २४ बाइट पुढे सरकवायचा आणि मग त्या जागेत ऑब्जेक्टचा हेडर लिहायचा. पॉइंटर सरकला, हेडर लिहायचा बाकी, आणि नेमका तिथेच सिग्नल टपकला. हँडलरने एखादी स्ट्रिंग बनवली, तेवढ्यात हीप भरला, जीसी सुरू झाला, तो हीप चालत चालत त्या २४ बाइटांपाशी आला तर हेडरच्या जागी जुना कचरा, आणि त्या कचऱ्यालाच तो साइज समजून पुढे उडी मारणार. यातला क्रॅश लगेच होईल असंही नाही, कुठेतरी भलतीकडे होतो आणि शोधताना घाम फुटतो. ऑब्जेक्ट हलवणारा जीसी असेल तर आणखी भर, कारण सिग्नल ज्या इन्स्ट्रक्शनवर आला तिथे रजिस्टरमधला कुठला आकडा पॉइंटर आहे हे सांगणारा स्टॅक मॅप सहसा नसतोच, तो सेफपॉइंटलाच, म्हणजे जीसी चालला तरी चालेल अशा ठरलेल्या जागीच, असतो. आणि जीसी सोडा, साधं मॅलॉक आणि प्रिंटएफसुद्धा पॉझिक्सच्या (युनिक्स सिस्टीमच्या मानकाच्या) सिग्नल-सेफ यादीत, म्हणजे हँडलरमधून कॉल करायला चालतात अशा फंक्शनांत, नाहीत.

एसबीसीएल या कॉमन लिस्पच्या कंपायलरने यातूनही वाट काढलीय बरं का, अ‍ॅलोकेशनचा तेवढा तुकडा 'स्यूडो-अ‍ॅटॉमिक' म्हणून खुणावतात आणि मध्ये सिग्नल आला तर तुकडा संपेपर्यंत थोपवून धरतात. पण त्यासाठी कंपायलर तुमच्या हातात लागतो, आणि असला तरी मी सुचवणार नाही.

म्हणजे खरा प्रश्न हँडलरमध्ये काय करता येतं हा नाहीच. सिग्नल आल्याची नोंद कुठे राहणार, सेफ जागी ती कोण उचलणार, आणि उचलणारा झोपला असेल तर त्याला उठवणार कोण, हे तीन प्रश्न. पर्याय यावरच तोलायचे.

फ्लॅग सगळ्यात स्वस्त. हँडलर एक व्होलाटाइल सिग-अ‍ॅटॉमिक-टी व्हेरिएबल १ करतो आणि परत जातो, रनटाइम सेफपॉइंटला तो तपासतो. सीपायथन (पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर) हेच करतं, सी मधला हँडलर नुसती नोंद करतो आणि तुमचं पायथनचं फंक्शन नंतर मेन थ्रेडवर, इंटरप्रिटर बाइटकोड चालवता चालवता थांबू शकतो अशा जागी चालतं. जीसीच्या दृष्टीने याच्यापेक्षा सेफ काही नाही. दुखणं उशिराचं आहे. मेन थ्रेड एखाद्या सी एक्स्टेन्शनच्या लांबलचक हिशोबात अडकला आणि त्या एक्स्टेन्शनने मधूनमधून सिग्नल तपासले नाहीत की तुम्ही कंट्रोल-सी दाबत बसा. ओकॅमल या भाषेत बराच काळ ही तपासणी मुख्यतः अ‍ॅलोकेशनच्या वेळीच व्हायची, त्यामुळे अ‍ॅलोकेट न करणारा लूप सिग्नलला दादच द्यायचा नाही, ४.१४ मध्ये कंपायलर लूपमध्येही तपासणी टाकायला लागला तेव्हा कुठे ते सुटलं. स्वतःचा रनटाइम असेल तर लूपच्या मागच्या उडीवर ही तपासणी टाका, इथे कंजुषी नको.

दुसरं दुखणं जास्त छुपं आहे. लूपमध्ये तुम्ही फ्लॅग बघितला, ० होता, म्हणून पोल (इव्हेंटची वाट बघणारा सिस्टम कॉल) करून झोपायला निघालात, आणि बघणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत सिग्नल आला. फ्लॅग १ झाला पण तुम्ही झोपलात, आणि पुढचा इव्हेंट येईपर्यंत झोपूनच राहणार. पीसिलेक्ट किंवा पीपोल ही फट बुजवतात, कारण मास्क (कुठले सिग्नल तूर्त ब्लॉक आहेत ती यादी) बदलणं आणि झोपणं एकाच झटक्यात होतं, पण थ्रेड तुमच्या लायब्ररीच्या आत कुठेतरी झोपत असेल तर काय करणार.

म्हणून सेल्फ-पाइप. ही डी. जे. बर्नस्टाइन यांची १९९० च्या सुमाराची युक्ती, हँडलर पाइपमध्ये एक बाइट लिहितो (राइट हा कॉल सिग्नल-सेफ यादीत आहे), आणि इव्हेंट लूप बाकीच्या डिस्क्रिप्टरसोबत (उघडलेल्या फाइल, सॉकेट यांच्या क्रमांकांसोबत) पाइपचं दुसरं टोकही बघत असतो, त्यामुळे फटीत आलेला सिग्नलही हरवत नाही. नोड.जेएसच्या खालची लिबयूव्ही लायब्ररी हेच करते, आणि पायथनचा वेकअप एफडी म्हणजे फ्लॅगला जोडलेली हीच सोय. दोन गोष्टी विसरल्या जातात: पाइपची दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग करा, नाहीतर पाइप भरला की हँडलरच अडकून बसेल, आणि हँडलरमध्ये शिरताना एररनो (शेवटच्या एररचा नंबर) जपून ठेवून निघताना परत जागेवर टाका. भरलेल्या पाइपमुळे राइट फेल झालं तर काळजी नाही, आत आधीच बाइट आहेत, झोपलेला उठणारच.

सिग्नलएफडी कागदावर याहून देखणा दिसतो. लिनक्स २.६.२२ पासून आहे, २००७ पासून म्हणजे. सिग्नल ब्लॉक करा आणि डिस्क्रिप्टरमधून वाचा, असिंक्रोनस हँडलर ही भानगडच नाही, म्हणजे जीसीच्या मध्येच कोणी घुसण्याचा प्रश्नच मिटला. मग मी तो पहिला का सांगत नाही? मास्क. सिग्नल मास्क फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) आणि एक्झेक (तिच्यात नवा प्रोग्राम चढवणं) दोन्हींतून पुढच्या प्रोसेसकडे जातो, तर हँडलर मात्र एक्झेकला गळून पडतात. तुम्ही सिगटर्म ब्लॉक केलात, चाइल्ड म्हणून कुठला तरी साधा टूल चालवलात, तर त्या टूलला बिचाऱ्याला माहीतही नाही आणि त्याचा सिगटर्म ब्लॉक झालेला, किल मारलं तरी हलत नाही. प्रॉकमधल्या स्टेटस फाइलमध्ये सिगबीएलके नावाची ओळ बघितली की चोर सापडतो. फोर्क आणि एक्झेकच्या मध्ये मास्क पूर्ववत करण्याची खात्री देता येत असेल तर घ्या, पण प्रोग्रामात चार लायब्ऱ्या आपापले चाइल्ड काढत असतील तर नको. शिवाय हे लिनक्सपुरतं, बीएसडी आणि मॅकवर केक्यू वेगळं.

एक गैरसमज मात्र इथेच काढतो: सिग्नलएफडीमुळे सिग्नल मोजता येतात असं नाही. तीन चाइल्ड पाठोपाठ मेले तर सिगचाइल्ड एकदाच मिळू शकतो, त्यामुळे पर्याय कुठलाही घ्या, वेटपीआयडी (मेलेल्या चाइल्डची नोंद घेणारा कॉल) आता कोणी उरलं नाही म्हणेपर्यंत लूपमध्येच.

राहिला वेगळा थ्रेड. सगळ्याच थ्रेडमध्ये सिग्नल ब्लॉक, आणि त्यातला एकच थ्रेड सिगवेटवर (सिग्नल येईपर्यंत थांबणाऱ्या कॉलवर) बसून. हा थ्रेड हँडलरमध्ये नसतो, त्यामुळे लॉक घ्या, अ‍ॅलोकेट करा, काहीही करा. मल्टिथ्रेडेड प्रोग्रामसाठी मला हाच आवडतो. जेव्हीएमचा (जावाच्या रनटाइमचा) सिग्नल डिस्पॅचर थ्रेड याचाच चुलतभाऊ, तिथे हँडलर सेमाफोर पोस्ट करतो आणि तो थ्रेड उठून काम करतो. दोन अटी मात्र आहेत. मास्क पहिला थ्रेड काढायच्या आधीच लावायचा. आणि सिगवेटमध्ये बसलेला थ्रेड जीसीच्या नजरेत 'बाहेर' असला पाहिजे, म्हणजे ब्लॉकिंग कॉलमध्ये गेलेला म्हणून नोंदलेला, नाहीतर सेफपॉइंटवर सगळ्यांना थांबवणारा जीसी याचीच वाट बघत बसेल. मास्कचा चाइल्डकडे जाण्याचा त्रास इथेही आहेच, तो सुटत नाही.

इथेच सगळ्यात वाईट खड्डा आहे. काही जीसी स्वतःच थ्रेड थांबवायला सिग्नल वापरतात, सी प्रोग्रामात बसवता येणारा बोहम जीसी लिनक्सवर परंपरेने सिगपीडब्ल्यूआर आणि सिगएक्ससीपीयू वापरत आलाय. तुम्ही उत्साहात सिगफिलसेटने सगळंच ब्लॉक केलंत तर जीसी 'थांब' म्हणून सिग्नल पाठवणार, थ्रेडला तो पोचणारच नाही, आणि अख्खी प्रोसेस गपगार. बोहमचा हेडर वापरला तर तो मास्कमधून स्वतःचा सिग्नल काढून घेतो, पण हेडर न लावलेल्या लायब्ररीने मास्क लावला तर ते संरक्षण नाही. ब्लॉक करायचे सिग्नल नावानिशी लिहा. गो ही भाषा १.१४ पासून गोरूटीन (तिचे हलके थ्रेड) थांबवायला सिगअर्ज वापरते, त्यामुळे सी च्या बाजूला सिस्टम कॉल मध्येच तुटून ईआयएनटीआर यायला लागले तर दचकू नका, पुन्हा कॉल करा. एसए-रीस्टार्टवर (तुटलेला कॉल आपोआप पुन्हा करवणाऱ्या फ्लॅगवर) विसंबू नका, पोल, सिलेक्ट आणि ईपोल-वेट त्याला जुमानत नाहीत.

तर निवड. एकच थ्रेड आणि इव्हेंट लूप असेल तर फ्लॅग आणि सेल्फ-पाइप जोडीने, यात फार विचार करण्यासारखं नाही. थ्रेड भरपूर आणि सुरुवात तुमच्या हातात असेल तर सिगवेटचा थ्रेड. दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये लायब्ररी म्हणून शिरत असाल तर शक्यतो सिग्नलला हातच लावू नका, लावलात तर आधीचा हँडलर जपून त्याला पुढे कॉल द्या आणि एसए-ऑनस्टॅक (हँडलर वेगळ्या स्टॅकवर चालवणारा फ्लॅग) लावा, कारण गोरूटीनचा स्टॅक सुरुवातीला २ केबीइतका लहान असू शकतो आणि तुमचा हँडलर त्यावर मावेलच असं नाही. जेव्हीएमसोबत असाल तर या चेनिंगसाठी लिबजेसिग ही लायब्ररी आहे.

सिगसेगव्ही, सिगबस (चुकीच्या मेमरीला हात लावला), सिगएफपीई (शून्याने भागलं वगैरे) यांना यातलं काहीच लागू नाही. ते त्याच इन्स्ट्रक्शनमुळे आलेले असतात, नंतर बघू म्हणता येत नाही, आणि ब्लॉक करून ठेवले तर कर्नल प्रोसेसच मारतो. जेव्हीएम सिगसेगव्हीवर नल चेक चालवतं, गो त्याचं पॅनिक करतं, म्हणजे हा हँडलर रनटाइमचाच असायला हवा, आणि फॉल्ट आपल्या जनरेटेड कोडमधला नसेल तर तो आधीच्या हँडलरकडे सोपवून मोकळं व्हायचं.