कॉलेजातला वेब डिझाइन आणि ऑनलाइन लेखनाचा पेपर: दहा महिने वापरून झाल्यावर

शेवटच्या वर्षाला हा विषय घेतला तो लेखी परीक्षा नव्हती म्हणून. प्रकल्प करायचा, दाखवायचा, सुटायचं. तेव्हाच कोणी मत विचारलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते. आता दहा महिने एका छोट्या संस्थेची वेबसाइट सांभाळतोय. सूचना, वृत्तान्त, फोटो सगळं माझ्याच गळ्यात. म्हणून आता लिहितो.

सगळ्यात मोठी कुरकूर होती ती पहिल्या सहा आठवड्यांची. साध्या नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची रचना सांगणारा कोड, हाताने लिहायचं. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला हे सांगणाऱ्या त्यातल्या खुणा म्हणजे टॅग. टॅग उघडा, टॅग बंद करा, एक तिरकी रेघ विसरलात की अख्खं पान ठळक अक्षरांत. बाहेर लोक वर्डप्रेससारख्या कोड न लिहिता साइट बनवायच्या साधनावर तयार थीम घेऊन दुपारभरात चकाचक साइट उभी करत होते आणि आम्ही परिच्छेद मोजत बसलो होतो. पण रोज कामाला येतं ते हेच. कोणीतरी वर्डमधून मजकूर उचलून एडिटरमध्ये चिकटवतो, त्याच्याबरोबर नको ती सजावट येते, अर्धं पान एका फॉन्टात तर अर्धं दुसऱ्यात. मी कोड उघडतो, मधला कचरा काढतो, संपलं. शीर्षक म्हणून नुसतं बोल्ड केलेलं वाक्य दिसलं की तिथे खरा हेडिंगचा टॅग टाकतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा माणूस एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उड्या मारत पान चाळतो. बोल्ड केलेली ओळ त्याच्या लेखी हेडिंग नसतेच.

प्रकल्प दाखवायच्या दिवशी मात्र फजिती झाली. माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित दिसणारे सगळे फोटो सर्व्हरवर गायब. कॅमेऱ्याने फाइलच्या नावाचं शेपूट कॅपिटल अक्षरांत लावलं होतं आणि कोडमध्ये मी ते स्मॉलमध्ये लिहिलं होतं. विंडोजला तो फरक चालतो, सर्व्हर लिनक्सचा होता, त्याला चालत नाही. तेव्हापासून फाइलचं नाव स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस नाही. गुण गेले, सवय राहिली.

आता लेखनाचा भाग. हा अगदीच तोकडा होता, जेमतेम तीन आठवडे, आणि खरा ऐवज तिथेच होता. मॅडमनी एक सूचना दिली होती. सुरुवात अशी: ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, आयोजित करण्यात आलेल्या कार्यशाळेसाठी नावनोंदणी करण्याची अंतिम मुदत वाढविण्यात आलेली असून…’ पुढे आणखी दोन परिच्छेद. हे निम्म्या शब्दांत आणा. मी आणलं आणि खूश झालो. त्यांनी ‘करण्यात आलेल्या’भोवती लाल गोल काढला, ‘विण्यात येते’भोवती दुसरा, आणि म्हणाल्या, ‘आता परत निम्मं.’ शेवटी उरलं ते: ‘कार्यशाळेची नावनोंदणी आता शुक्रवारपर्यंत.’ तारीख पहिल्या ओळीत, बाकीचं खाली.

त्याच तासाला वेबसाइटी वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसनच्या १९९७ सालच्या पाहणीबद्दल कळलं. नवं पान समोर आल्यावर ७९ टक्के लोकांनी ते नुसतं चाळलं, शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्के निघाले. मजकूर साधारण निम्मा केल्यावर पानाची वापरसुलभता ५८ टक्क्यांनी वाढली. आकडे जुने आहेत. पण पहिल्या ओळीत तारीख नसली की ‘शेवटची तारीख कधी?’ असे फोन मला आजही येतात, असली की येत नाहीत. लिंकचंही तसंच. ‘येथे क्लिक करा’ लिहिणं मी सोडलं, ‘प्रवेश अर्ज डाउनलोड करा’ असं लिहितो. स्क्रीन रीडरवर नुसत्या लिंकांची यादी ऐकणाऱ्याला दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू आलं तर त्याने काय करायचं?

रंगचक्र, लोगोचा इतिहास वगैरे पाच तास झाले. झाले एवढंच. त्यातलं कामाला आलं ते एकच: साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक, किमान ४.५ : १ हवा. माझा लाडका फिकट राखाडी रंग त्यात नापास झाला.

तक्रार आहे ती वेगळीच. अख्ख्या सत्रात देवनागरीबद्दल एक अवाक्षर नाही. उदाहरणं सगळी इंग्रजीची. मी इंग्रजी थीममधलं सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारा कोड, तसंच मराठी शीर्षकाला लावलं, त्यात लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलेलं होतं. इंग्रजी अक्षरं त्याने ऐसपैस बसतात, आमची शिरोरेषा मात्र अक्षरागणिक तुटली. ‘वार्षिक’ असा दिसायला लागला जणू कोणी कात्रीने कापून दोरीवर वाळत घातलाय. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडायचा. ते अक्षराच्या आकाराच्या १.७ पट केलं तेव्हा पान श्वास घ्यायला लागलं. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं की काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, हेही मला माझं मीच धडपडत कळलं. आणि संस्थेचे जुने अहवाल! ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच ओळखली जाण्याच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात टाइप केलेले. कॉपी करून चिकटवलं की समोर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टरमधून काढून प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांनी तपासावं लागतं. रफार हमखास चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो.

मोबाइलसाठीचं डिझाइन शेवटच्या एका तासात उरकलं. ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’, म्हणजे स्क्रीनच्या आकाराप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारं पान, हा शब्द ईथन मार्कोट या वेब डिझायनरने २०१० मध्ये रूढ केला, आणि आमच्या अभ्यासक्रमात तो परिशिष्टात. माझे बहुतेक वाचक फोनवरून येतात.

आज पाचपैकी साडेतीन. लेखनाला दुप्पट तास आणि देवनागरीला निदान दोन दिले असते तर साडेचार दिले असते.

परवा माझा तेव्हाचा प्रकल्प फोनवर उघडला. अजून चालू आहे. मेनू स्क्रीनबाहेर, अक्षरं फिकट राखाडी, आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘येथे क्लिक करा’. दुरुस्त करावा म्हणून लॉगिनला गेलो, तर पासवर्ड आठवेना.