फिश टँकसाठी बियांपासून फुलझाडे: अपोनोजेटन की कुमुद?

कंद पुरून किंवा धुमारे तोडून रोपे वाढवणे सोपे असते, झटपटही होते. तरीही बियांपासून वाढवायचे ठरवले असेल, तर गोव्याच्या घरात खरी निवड अपोनोजेटन (कंदापासून पाण्याखाली वाढणारे झाड) आणि कुमुद (वॉटर लिली) या दोघांत आहे. ऑनलाइन मिळणारी ‘बी पसरा, हिरवा गालिचा तयार’ अशी पाकिटे या निवडीत येतच नाहीत. त्यांतून अनेकदा हायग्रोफिला या दलदलीतल्या झाडाच्या जातीची रोपे उगवतात. ओल्या मातीवर ती सुरेख दिसतात, पण टँक भरला की कुजतात किंवा भराभर उंच होतात. शिवाय पाण्यातल्या कित्येक फुलझाडांचे बी सुकले की संपलेच, ते पाकिटात राहणार कसे? म्हणून आपल्याच घरी फुलून बी धरेल असेच झाड निवडावे.

या कसोटीवर अपोनोजेटन क्रिस्पस मला सर्वांत वरचे वाटते. मूळ श्रीलंका आणि भारतातले, त्यामुळे आपल्या उकाड्याचा त्याला त्रास नाही आणि हीटरही लागत नाही. दुकानात कंद मिळतो. तो वाळूत अर्धा रोवला की नागमोडी कडांची लांब पाने येतात आणि झाड जोमात आले की पांढरा तुरा पाण्यावर डोके काढतो. तुऱ्यातली फुले खालून वर उमलत जातात, म्हणून परागीकरणासाठी मऊ ब्रश रोज एकदा तुऱ्यावरून वर-खाली फिरवायचा. एकाच झाडावर बी धरते. हे सांगावेसे वाटते, कारण आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरचा (कातळपठारांवरचा) वायतुरा त्याचाच भाऊबंद, पण त्याचे नर आणि मादी तुरे वेगवेगळ्या झाडांवर येतात. तो सड्यावरच राहू द्यावा.

क्रिस्पसची खरी परीक्षा बी पिकल्यावर. सुटलेले बी काही तास, फार तर दिवसभर तरंगते, मग तळाशी जाऊन लगेच रुजू लागते. तेवढ्यात फिल्टरने ओढले किंवा माशांनी गिळले की मेहनत वाया. त्यासाठी फळे फुगली की तुऱ्याला मलमलीची सैल पिशवी बांधावी. बी उथळ ट्रेमध्ये बारीक वाळूवर, चार बोटे पाण्यात ठेवावे. रोपे गवताच्या काडीसारखी नाजूक असतात आणि शेवाळ हा त्यांचा मोठा शत्रू, म्हणून ट्रेवर थेट ऊन नको. दुकानात क्रिस्पस म्हणून मिळणारे कंद पुष्कळदा संकरित असतात, त्यामुळे पिल्ले आईसारखी निघतीलच असे नाही. मला तर यातच खरी गंमत वाटते. एकाच तुऱ्यातून वेगवेगळ्या पानांची रोपे पाहायला मिळतात. पण एकसारखी दहा रोपे हवी असतील, तर हा मार्ग सोडा.

कुमुदाचा हिशेब वेगळा. टँकसाठी टायगर लोटस नावाने मिळणारे कुमुद घ्यावे. ते रात्री फुलते आणि बहुधा स्वतःच बी धरते, ब्रशची गरज पडत नाही. फूल मिटल्यावर देठ पाण्याखाली वळतो, फळ तिथेच पिकून फुटते आणि बुळबुळीत आवरणातले बारीक बी वर येते. एका फळात शेकडो बिया असतात, म्हणून पिशवी इथेही हवी. हे बी क्रिस्पसपेक्षा धीराचे, काही काळ ठेवता येते. पण फुलासाठी पाने पृष्ठभागावर पसरू द्यावी लागतात आणि मग खालच्या झाडांवर अंधार पडतो. दोन फुटी टँकमध्ये मला हा सौदा महाग वाटतो. अंगणात किंवा बाल्कांवापुढे (घराच्या दर्शनी ओसरीपुढे) ऊन येत असेल, तर मात्र टबात नीलकमळ, म्हणजे निळे कुमुद, लावावे. तिथे कुमुद क्रिस्पसला सहज मागे टाकते. टबात गप्पी मासे सोडायला विसरू नका, नाहीतर डास होतील.

कुमुदाच्याच कुळातल्या बार्क्लाया लाँगिफोलियाचे नावही घ्यायला हवे. त्याची कळी पाण्याखाली न उमलताच बी धरू शकते. पण रोपे अतिशय हळू वाढतात आणि पाने गोगलगायींना फार आवडतात, तेव्हा पहिल्याच प्रयत्नाला ते नको. पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया तर बियांसाठी घेऊच नये. नर-मादी झाडे वेगळी, आणि धुमाऱ्यांवर ती आपोआप पसरते.

क्रिस्पस आणि कुमुद या दोन्हींसाठी पाणी आणि वाळू सारखीच सांभाळावी लागते. नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ लागत असेल तर वापरू नये. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी घेऊ नये. शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होते आणि क्रिस्पसला मऊ पाणी मानवते. आपली तांबडी माती कुमुदाला चालते, पण वर दोन बोटे नदीच्या वाळूचा थर द्यावा, नाहीतर पाणी लाल होते.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकच टँक असेल तर क्रिस्पसचे दोन-तीन कंद घ्या. वेगवेगळ्या वेळी तुरे आले तर एखादा हुकला तरी दुसरा हाती असतो. उन्हाचे अंगण असेल तर कुमुद. क्रिस्पस टँकच्या दिव्यावर कधीही सुरू करता येते. कुमुदाचे बी मात्र पावसाळ्यात पेरू नका, ढगाळ उजेडात रोपे लांबट आणि फिकी होतात. चतुर्थी उलटून आकाश मोकळे झाले की ऑक्टोबरात टब भरायला घ्यावा.