स्प्रेड, पोर की ड्रॉप? कृष्णाकाठच्या काळ्या मातीसाठी प्लेट निवडताना

मिरज-वाळव्याची ऊस-हळदीची रानं, तासगावच्या द्राक्षबागा. इथून नमुने यायला लागले की जिवाणू खतांच्या छोट्या प्रयोगशाळेपुढे पहिला प्रश्न असतो: मातीतले जिवाणू मोजायला प्लेट (जेलीसारखे अगार माध्यम घातलेली उथळ बशी) कशी लावायची? कॉलनी (एका पेशीपासून वाढलेला, डोळ्यांना दिसणारा ठिपका) उचलून शुद्ध करायची असेल तर स्प्रेड, म्हणजे पसरणे. नमुने ढीगभर असतील तर ड्रॉप, म्हणजे थेंब ठेवणे. जिवाणू विरळ असण्याची शंका असेल तर पोर, म्हणजे ओतणे. पण काळ्या मातीत चूक प्लेटपर्यंत थांबत नाही, ती पहिल्या बाटलीतच होते आणि तिन्ही पद्धतींना सारखीच भोवते. म्हणून आधी बाटली.

पहिली बाटली

एनपीके तपासणीसाठी वाळवून कापडी पिशवीत आणलेली माती इथे चालत नाही. वाळवताना बरेच जिवाणू मरतात आणि बीजाणू करणारे तेवढे तगतात. वाफशावर, ० ते १५ सेंमी थरातली ओलसर माती घ्यावी, ४ अंशांवर ठेवावी आणि शक्यतो २४ तासांत लावावी.

१० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक सलाइनमध्ये (८.५ ग्रॅम मीठ प्रति लिटर). नुसते डिस्टिल्ड पाणी नको, त्यात काही पेशी फुगून फुटतात. माण-खटावची हलकी मुरमाड माती दहा मिनिटांत सुटते. काळी चिकण माती सुटत नाही, तिच्या बारीक ढेकळांत जिवाणू अडकून राहतात, आणि असे एक ढेकूळ प्लेटवर गेले की त्यातल्या शंभर पेशींची एकच कॉलनी मोजली जाते. उपाय साधा आहे: बाटलीत १०-१५ काचेचे मणी, द्रावणात ०.१ टक्के सोडियम पायरोफॉस्फेट आणि शेकरवर २० ते ३० मिनिटे.

पुढे विरलन, म्हणजे दर पायरीला दहापट पातळ करणे: १ मिली घेऊन ९ मिली सलाइनच्या नळीत, दर वेळी पिपेटची नवी टिप, दर वेळी आधी नळी ढवळून. गाळ बसू द्यायचा नाही. मातीचे कण टिपमध्ये अडकत असतील तर पहिल्या दोन पायऱ्यांना रुंद तोंडाची पिपेट घ्यावी.

एक दोष सहसा लक्षात येत नाही. ९ मिली भरून ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) नळीत वाफ जाऊन ८.५ मिलीच उरले, तर दर नळीला विरलन दहापट न होता साडेनऊपट होते. चार नळ्यांत मिळून आकडा सुमारे २३ टक्क्यांनी फुगतो. सलाइन आधी निर्जंतुक करून मग नळ्यांत ९ मिली भरावे, हे उत्तम.

स्प्रेड

घट्ट झालेल्या अगारवर ०.१ मिली टाकून काचेच्या वाकड्या कांडीने पसरायचे. सर्व कॉलनी पृष्ठभागावर येतात, रंग-आकार दिसतो, लूपने (तारेच्या कडीने) उचलता येतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू पिकोव्स्काया माध्यमावर शोधायचे असतील तर दुसरा विचारच करू नये: ते माध्यम ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमुळे दुधाळ असते, आत दबलेली कॉलनी आणि तिच्याभोवतीचे पारदर्शक वलय नीट दिसत नाही.

अडचण ओलाव्याची. पावसाळ्यात प्लेटच्या पृष्ठभागावर पाणी साचते आणि कॉलनी एकमेकींत वाहतात. ओतलेल्या प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवून वाळवाव्यात. स्पिरिटमध्ये बुडवून जाळलेली कांडी अगारच्या कडेला टेकवून थंड करावी, नाहीतर ती जिवाणूच भाजते. बॅसिलस मायकॉइड्ससारखे पसरणारे जिवाणू असले तर एक कॉलनी निम्मी प्लेट व्यापते. अशी प्लेट मोजू नये.

पोर

१ मिली नमुना रिकाम्या प्लेटमध्ये, वर ४५ अंशांचे १५ ते २० मिली वितळलेले अगार, लगेच हलक्या हाताने फिरवायचे. ‘हाताला सोसेल इतके गरम’ हा अंदाज घातकी. वॉटर बाथमध्ये थर्मामीटर हवाच. ५० च्या वर गेले तर नाजूक जिवाणू जातात, ४० च्या आसपास आले की अगार गुठळते.

फायदा एकच, पण मोठा: दहापट जास्त नमुना बसतो, म्हणून कमी संख्या पकडता येते. क्षारपड रानातल्या नमुन्यात, किंवा मार्टिनच्या रोझ बेंगाल अगारवर बुरशी मोजताना पोर कामाचे. तोटे बरेच: आतल्या कॉलनी बारीक आणि भिंगासारख्या होतात, भरपूर प्राणवायू लागणारे जिवाणू मागे पडतात, कॉलनी उचलायला अगार खोदावे लागते. शंभरपट विरलनात तर काळ्या मातीचे कणच कॉलनीसारखे दिसतात. तशा वेळी नमुना घालूनही न उबवलेली एक प्लेट शेजारी ठेवावी.

ड्रॉप

१९३८ मध्ये माइल्स आणि मिश्रा यांनी मांडलेली पद्धत. प्लेटचे चार भाग, प्रत्येकात एका विरलनाचे २० मायक्रोलिटरचे पाच थेंब. स्प्रेडला तीन विरलने आणि प्रत्येकी तीन प्लेट धरल्या तर २० नमुन्यांना १८० प्लेट लागतात. ड्रॉपला नमुन्यागणिक दोन, म्हणजे ४०. माध्यमाचा खर्च इथे वाचतो. पण थेंबात वीसहून जास्त कॉलनी झाल्या की त्या मिसळतात, म्हणून मोजणी लवकर, भिंगाखाली. बुरशीसाठी ही पद्धत वापरू नये.

उबवण आणि हिशोब

जिवाणू २८ ते ३० अंशांवर दोन-तीन दिवस, बुरशी तीन ते पाच, अ‍ॅक्टिनोमायसिटीज (बुरशीसारखे धागे करणारे जिवाणू) सात ते चौदा. प्लेट उलट्या ठेवायच्या. एप्रिल-मेमध्ये सांगलीत खोलीचेच तापमान ३५ च्या वर जाते, तेव्हा फक्त गरम करणारा इन्क्युबेटर निरुपयोगी. थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर लागतो.

स्प्रेड आणि पोरला ३० ते ३०० कॉलनींच्याच प्लेट मोजाव्यात. समजा लाखपट विरलनाचे ०.१ मिली पसरले आणि सरासरी ६२ कॉलनी आल्या: ६२ × १,००,००० ÷ ०.१ = ६.२ कोटी प्रति ग्रॅम ओली माती. १०५ अंशांवर वाळवून ओल्या वजनाच्या २२ टक्के पाणी निघाले, तर ०.७८ ने भागून कोरड्या मातीत सुमारे ७.९ कोटी. पोरमध्ये १ मिली असल्याने ०.१ चा भागाकार नसतो; ड्रॉपमध्ये एका थेंबाची सरासरी ५० ने गुणायची. पद्धत बदलताना हा भागाकार विसरला की दोन हंगामांचे आकडे दहापटीने वेगळे दिसतात आणि श्रेय खताला जाते.