ॲल्युमिनियम प्रोफाइलचं वर्कबेंच आणि राउटर टेबल: अकरा महिने वापरल्यावर

मी कोल्हापुरात देव्हारे, चौरंग आणि पाट बनवते. घरामागची बारा बाय अठराची पत्र्याची शेड हीच माझी कामाची जागा. गेल्या दिवाळीनंतर तिथे ॲल्युमिनियम प्रोफाइलचं दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद टेबल उभं केलं. उजव्या टोकाला राउटर (लाकडाच्या कडेला गोलाई किंवा खाच काढणारं विजेचं यंत्र, इथे टेबलाखाली बसवलेलं), बाकी सगळा कामाचा बाक. आता अकरा महिने झाले आणि त्यात एक अख्खा पावसाळाही गेला. आधीच सांगून टाकते: राउटर टेबल म्हणून मी याच्यावर बेहद्द खूश आहे. बाक म्हणून मात्र ते कमी पडलं, आणि का कमी पडलं हे नीट कळायला मला चार महिने लागले.

ज्यांनी प्रोफाइल हाताळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चारही अंगांना लांबभर टी आकाराची खाच असलेला हा ॲल्युमिनियमचा बार. खाचेत खास आकाराचा नट सरकवायचा आणि बोल्टने हवं ते हव्या त्या ठिकाणी आवळायचं. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या चौकटी, कंपन्यांतली असेंब्लीची टेबलं याचीच असतात. मी ४० सिरीज घेतली, म्हणजे खाच ८ मिमीची आणि बोल्ट एम-८. पाय आणि खालच्या आडव्या पट्ट्या ४० बाय ४० मिमी, वरची चौकट ४० बाय ८० उभी लावलेली. उभी लावणं फार महत्त्वाचं आहे. ॲल्युमिनियम हलकं असतं पण स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच ताठ असतं, त्यामुळे ती कसर उंचीने भरून काढावी लागते. ४० बाय ८० उभा ठेवला तर ४० बाय ४० पेक्षा सात-आठ पट कमी वाकतो. किंमत मात्र जेमतेम दुप्पट. इथे पैसे वाचवू नका.

खर्चाचं विचारणारे बरेच भेटतात. प्रोफाइल सुमारे ३० किलो लागलं, त्याचे १२,६०० रुपये. नट, बोल्ट, कोपऱ्याचे ब्रॅकेट, लेव्हलिंगचे पाय, टोकाच्या टोप्या यांचे ६,९००. हा आकडा बघून मी थबकलेच होते, कारण हिशेब करताना मी फक्त बार धरले होते. वरचा पृष्ठभाग १८ मिमी शटरिंग प्लायचे दोन थर चिकटवून केला, ३,४००. राउटरची प्लेट आणि उद्यमनगरातल्या (कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती) मिलिंगवाल्याकडची कामं २,३००, स्विच आणि वायरिंग १,४००. एकूण २६,६००, जीएसटी धरून, राउटर सोडून. लोखंडी चौकोनी पाइप वेल्डिंग करून घेतला असता तर चौकट याच्या निम्म्याहून कमी पैशांत झाली असती.

माल पुण्याहून मापात कापून मागवला होता. पाय उभे केले आणि कर्ण मोजले तर ६ मिमीचा फरक. मला वाटलं माझंच आवळताना चुकतंय. दोनदा सगळं सोडून पुन्हा बांधलं. शेवटी एकेका तुकड्याच्या टोकाला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरला, तर तीन तुकड्यांच्या टोकाशी प्रकाशाची बारीक पाचर दिसली. ४० मिमीच्या रुंदीत जेमतेम अर्धा मिमी, पण ८० सेंटीमीटरच्या पायाच्या दुसऱ्या टोकाला तो सेंटीमीटरभर होतो. दुकानदाराने चूक मान्य केली नाही. मी ते तुकडे शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिलिंगवाल्याकडे नेले, टोकं काटकोनात करून घेतली आणि तिथेच बारच्या मधल्या भोकात एम-८चे आटे पाडून घेतले. त्याने दुहेरी फायदा झाला. टोकातून सरळ बोल्ट आवळलेला सांधा नुसत्या ब्रॅकेटपेक्षा कितीतरी घट्ट बसतो. माल हातात आला की बांधायच्या आधी प्रत्येक टोकाला गुण्या लावा.

आता नटांबद्दल, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान त्यांच्यामुळे झालं. यात हातोडीच्या डोक्यासारखा एक नट मिळतो, त्याला हॅमर नटच म्हणतात. तो खाचेत वरून घालता येतो आणि बोल्ट फिरवला की आत पाव वळसा घेऊन अडकतो. चौकट बांधून झाल्यावरही लावता येतो म्हणून मी सगळीकडे तेच वापरले. फेब्रुवारीत एका देव्हाऱ्याच्या सागवानी पट्ट्यांना गोलाई काढत होते. पट्टी उन्हात धरली तर कडेवर बारीक लाटा. बिट (राउटरचं फिरणारं पातं) बदलला, वेग बदलला, तरी लाटा तशाच. चार पट्ट्या वाया गेल्यावर फेन्सला (लाकूड जिला टेकवून सरकवायचं ती सरळ आडवी पट्टी) हात लावून राउटर चालू केला, तेव्हा बोटांना थरथर कळली. डाव्या बाजूचा बोल्ट सोडून पाहिला तर नट पूर्ण वळलाच नव्हता. तिरका, एका कोपऱ्यावर अडकला होता आणि ॲल्युमिनियमच्या ओठावर त्याने चंद्रकोरीसारखी खूण उमटवली होती. बाहेरून बोल्ट अगदी घट्ट लागत होता! त्या दिवशी मी फेन्स आणि राउटरच्या आडव्या पट्ट्यांवरचे सगळे हॅमर नट काढले आणि टोकाकडून सरकवायचे पूर्ण रुंदीचे टी-नट घातले. जे बोल्ट कधी हलवायचे नाहीत त्यांना निळं लॉकटाइट २४३ (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावलं. त्यानंतर एकही बोल्ट ढिला झालेला नाही. हॅमर नट अडकवणीच्या हुकांना ठीक आहेत, थरथर जिथे पोचते तिथे नकोत.

फेन्सवर मात्र मी कितीही वेळ बोलू शकते. ४० बाय ८०चा ९०० मिमी तुकडा, टेबलाच्या रुंदीला आडवा, दोन्ही टोकं बाजूच्या बारच्या बाहेरच्या खाचेत पकडलेली. पुढे एमडीएफचे (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे) दोन तुकडे, तेही खाचेवर सरकणारे, म्हणजे बिट छोटा असेल तर दोन्ही जवळ आणून फट बुजवता येते. राउटर टेबलाच्या फेन्सची एक सोय पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बिट गोल असतो, त्यामुळे फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असायची गरजच नाही. ती सरळ हवी आणि टेबलाशी काटकोनात उभी हवी, बस. मग बारीक माप असं घेता येतं: उजवं टोक घट्ट ठेवायचं आणि फक्त डावं सरकवायचं. बिट मधोमध आहे, म्हणून टोक १ मिमी सरकलं की बिटपाशी अर्धाच मिमी फरक पडतो. मी डाव्या टोकामागे खाचेत एक अडसर लावलाय. पत्त्यांतलं एक पान साधारण ०.३ मिमी जाडीचं असतं. अडसर आणि फेन्स यांच्यामध्ये एक पान ठेवलं की बिटपाशी ०.१५ मिमीची हालचाल मिळते. चौरंगाच्या कडेची खाच फळीला तंतोतंत बसेपर्यंत मी अशी दोन-तीन पानं घालत-काढत असते. पूर्वी हेच काम लाकडी फेन्सला हातोडीने टिचक्या मारत करायचे आणि अर्धा दिवस जायचा.

बदलायची मोकळीक हा दुसरा मोठा गुण. सुरुवातीला राउटर कडेपासून ४५० मिमीवर बसवला होता. महिनाभरात खांदे भरून येऊ लागले, कारण प्रत्येक वेळी वाकून हात लांबवावा लागे. वरचा प्लाय मी दोन तुकड्यांत ठेवला होता, त्यामुळे उजवा तुकडा नवा कापला, आडव्या पट्ट्यांचे बोल्ट सैल करून त्या १५० मिमी अलीकडे सरकवल्या. एका दुपारचं काम, एक ॲलन की. लोखंडी चौकट असती तर ग्राइंडर आणि वेल्डिंगवाला आला असता.

पावसाळ्याने एक वेगळीच अडचण दाखवली. वर तोंड केलेल्या खाचांत भुसा भरतो हे ठाऊक होतं, पण जुलैच्या दमट हवेत एमडीएफची धूळ खाचेत चक्क लिंपल्यासारखी बसली आणि नट जागचे हलेनात. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून ते सगळं खरवडून काढलं. आता जी खाच वापरात नाही तिच्यावर रबराची पट्टी दाबून बसवलीय, आणि फेन्सच्या मागे प्लायची पेटी करून व्हॅक्यूमचा पाइप जोडलाय. प्रोफाइलला ओलीने काही झालं नाही, पण झिंकचे स्वस्त बोल्ट डोक्याशी तांबूस झालेत. पुढच्या वेळी स्टेनलेसच घेईन.

विजेबद्दल कळकळीने सांगायचंय. आमच्याकडे वीज जाते आणि अचानक येते. टेबलाखाली बटण लॉक करून चालू ठेवलेला राउटर वीज येताच आपोआप फिरू लागेल, आणि तेव्हा तुमची बोटं कदाचित बिट बदलत असतील. म्हणून नो-व्होल्ट स्विच लावा. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसारखंच त्याचं काम आहे, वीज गेली की तो पडतो आणि हाताने दाबल्याशिवाय चालू होत नाही. बिट बदलताना प्लग तरीही काढायचाच. दुसरं म्हणजे अर्थिंग. राउटर दोन पिनांचा असला तरी स्विचची वायर धातूच्या चौकटीवरून जाते. चौकटीला अर्थ द्या, पण नुसती वायर बोल्टखाली धरू नका. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा संरक्षक थर वीज वाहू देत नाही. मी तेवढी जागा कानशीने चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला आणि इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. आणि लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे, बिट फिरतो त्याच्या विरुद्ध ढकला. उलट दिशेने घातलं तर बिट ते हातातून हिसकावून घेतो.

राहिला बाक. सगळं मिळून टेबलाचं वजन पासष्ट किलोच्या आसपास. राउटरला ते पुरतं, रंध्याला पुरत नाही. सागवानाच्या फळीवर जोर लावून रंधा मारला की टेबल शहाबादी फरशीवर बोटभर सरकायचं, आणि पटाशीवर ठोका मारला की पोकळ बार वाजायचे. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे सुतारमामा एकदा त्यावर काम करून म्हणाले, "ताई, टेबल ब्येस हाय, पण हात मारला की ते बी संगं चालतंय." तिरपे ब्रॅकेट लावले, तीन बाजूंना १२ मिमी प्लाय लावला. चौकटीचं डुलणं थांबलं, सरकणं थांबलं नाही. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवल्यावर ८० टक्के फरक पडला, पण रंध्याचा धक्का गिळून टाकणारा तो जडपणा आला नाही. तो लाकडाच्या जाडीतच असतो, हे मी मान्य केलं.

मग सासऱ्यांचा जुना सागवानी बाक माळ्याखालून बाहेर काढला. तीन इंच जाड फळी, एका अंगाला शिकंजा, दोन माणसांशिवाय हलत नाही. तो राउटरच्या डाव्या बाजूला, टेबलाला खेटून ठेवला, कारण लाकूड तिकडेच बाहेर पडतं. बाक २२ मिमी उंच निघाला. त्याचे पाय कापायला मन होईना, म्हणून ॲल्युमिनियमच्या टेबलाचे चारही लेव्हलिंग पाय पान्याने फिरवून टेबल वर घेतलं, दोन्हींवर मिळून पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत एकेक वळसा देत राहिले. परवा सहा फुटी पट्टीला गोलाई काढली. ती बिटपाशी न डगमगता सरळ बाकावर सरकत गेली, आणि तिथेच शिकंज्यात धरून तिला पॉलिश पेपर मारला.