चाळिशी ओलांडलेली सोसायटी: पाडून नवी बांधावी की दुरुस्त करून राहावं?

कोथरूडमधली आमची सोसायटी १९८२ची. खाली पार्किंग, वर तीन मजले, २४ फ्लॅट, लिफ्ट नाही. गेलं वर्षभर जिन्यात, पार्किंगमध्ये, अगदी हळदीकुंकवालासुद्धा एकच विषय चालू आहे, तो म्हणजे रिडेव्हलपमेंट. दोन्ही बाजूंचे आकडे गोळा करायचं काम सभेने आम्हा तिघांवर सोपवलं. सहकारनगर, एरंडवणे, कर्वेनगर इथल्या ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांपुढेही हाच प्रश्न आहे, म्हणून आम्हाला जे सापडलं ते मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. इमारतीच्या हाडांत दम असेल तर दुरुस्ती करावी. नसेल तर पाडावी, पण करारात काही गोष्टी लिहून घेतल्यावरच.

आधी कॉलम काय म्हणतो ते बघा

सगळ्या चर्चेच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी हवी. तीही आपण नेमलेल्या अभियंत्याकडून, बिल्डरने पाठवलेल्या माणसाकडून नको. आमच्याकडे पार्किंगमधल्या कॉलममधून काँक्रीटचा मनगटाएवढा जाड गोल तुकडा कापून काढला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. बाहेरची दोनेक सेंटिमीटर राखाडीच राहिली, त्यामागचं काँक्रीट मात्र क्षणात राणी रंगाचं झालं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरतो आणि सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा अल्कधर्म मारत जातो. जिथे रंग येतो तिथपर्यंत तो अजून पोचलेला नसतो आणि सळई सुरक्षित असते. आमच्या कॉलममधली सळई राणी रंगाच्या भागात निघाली, तेव्हा हातात वेळ आहे.

संडासांच्या डक्टकडच्या (पाइप उतरतात त्या पोकळीकडच्या) बाजूला मात्र तुकडा पूर्ण राखाडी निघाला. तिथे आठ वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने गंजलेल्या सळया न घासता वरून गिलावा चोपडला होता. गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो, त्यामुळे तो गिलावा आता हाताने सुटतो. दुरुस्तीची बाजू घेताना हे लपवून चालणार नाही. वाईट दुरुस्ती पाडण्यापेक्षा महाग पडते.

ऑडिटमध्ये इमारत धोकादायक ठरली तर पुढचं वाचायचं कारण नाही. माणसं आधी.

पैशाचा ताळा

रिडेव्हलपमेंटमध्ये सभासदाच्या खिशातून काही जात नाही, उलट जास्तीचा कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा), कॉर्पस (बिल्डर देतो तो एकरकमी निधी) आणि बांधकाम होईपर्यंतचं घरभाडं मिळतं. दुरुस्तीत पैसे आपण काढायचे. कॉलमचं जॅकेटिंग (भोवती नव्या काँक्रीटचं वेष्टण), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजच्या नव्या लाइनी आणि बाहेरच्या बाजूने लिफ्ट, सगळं धरून आम्हाला फ्लॅटमागे सात लाखांच्या आसपासचा अंदाज मिळाला. पेन्शनवर जगणाऱ्याला हा आकडा मोठा आहे. त्यांना हप्ते बांधून देण्याची सोय सोसायटीने करायला हवी.

पण दुसऱ्या पारड्यात घालायचं बरंच काही राहून जातं. पाडून उभ्या राहणाऱ्या बारा मजल्यांच्या इमारतीत दोन लिफ्ट, मोठे पंप, अग्निशमनाची यंत्रणा, जनरेटर, मेकॅनिकल पार्किंग या सगळ्यांचे वार्षिक करार असतात. आमच्या ओळखीच्या दोन सोसायट्यांत नव्या घरात गेल्यावर महिन्याचा मेंटेनन्स तिपटीच्या वर गेला. कॉर्पस त्यात झिरपत जातो. ‘फुकट मिळतंय’ म्हणणाऱ्या प्रत्येक सभासदाने पुढच्या पंधरा वर्षांचा मेंटेनन्स एकदा कागदावर मांडावा.

रोजगाराचा मुद्दाही सभेत आला. बांधकामावर शहराची चूल पेटते, महापालिकेच्या तिजोरीतही बांधकाम शुल्काचा वाटा मोठा आहे, हे खरंच आहे. पण दुरुस्तीतला रुपयाही इथेच फिरतो. त्यात सिमेंट-लोखंड कमी आणि गवंडी, प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाले यांची मजुरी जास्त असते.

सिमेंटचं कर्ज

नव्या बांधकामाच्या कार्बनचा हिशेब बिल्डरांच्या कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये नव्हता. आमच्या प्लॉटवर पार्किंगचे मजले धरून साधारण ६०,००० चौरस फूट बांधकाम होईल. साइटवरचा ठोकताळा असा, की चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट आणि चार किलो सळई लागते. म्हणजे २४,००० पोती, १,२०० टन सिमेंट आणि २४० टन लोखंड. एक टन सिमेंट बनताना ६०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण भट्टीला कोळसा लागतोच, शिवाय चुनखडी भाजताना तिच्यातूनच तो वायू सुटतो. खनिजापासून केलेल्या लोखंडाला टनामागे दोन टनांच्या वर धरावे लागतात. जालन्याकडे भंगार वितळवून सळई करतात, तिचा भार कमी. सगळी गोळाबेरीज हजार ते बाराशे टनांपर्यंत जाते.

आता नव्या इमारतीच्या गच्चीवर २० किलोवॅट सोलर बसवलं असं समजू. एक किलोवॅट दिवसाला चार युनिट देतं, म्हणजे वर्षाला २९,००० युनिट. महावितरणची तेवढी वीज वाचली तर साधारण २० टन कार्बन वाचतो. बाराशे टन फेडायला साठ वर्षं लागतील, आणि तोवर तीच इमारत पाडायची चर्चा सुरू झालेली असेल. ब्रोशरवर ‘ग्रीन’ लिहिलेलं पाहिलं की मला हा भागाकार आठवतो. आमच्या जुन्या इमारतीचा कार्बन १९८२ सालीच खर्च होऊन गेला आहे. जॅकेटिंगला लागणारं सिमेंट त्यापुढे किरकोळ आहे.

पाडकामाचा राडारोडा वेगळाच. वाघोलीला त्यावर प्रक्रिया करणारा महापालिकेचा प्रकल्प आहे, तरी रात्री नदीकाठी रिकामे होणारे डंपर पुणेकरांना नवे नाहीत.

ऊन आणि पाणी

आमची गच्ची ५०० चौरस मीटरची. किलोवॅटला दहा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे २० किलोवॅट सहज बसतं. जिन्यातले दिवे, पंप आणि नवी लिफ्ट यांना सहा-सात किलोवॅट पुरतं. त्यासाठी केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. उरलेल्या जागेवर सभासद आपापल्या मीटरवर पॅनेल लावू शकतात, त्यांना पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये मिळतात. नव्या इमारतीतही गच्ची साधारण तेवढीच राहील, खाली मात्र चोवीसच्या जागी पंचेचाळीस घरं असतील. घरामागे येणारं ऊन निम्मं झालं.

पाण्याचंही तसंच. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या गच्चीवरचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडलं तर गळती वजा जाता पावणेतीन लाख लिटर मुरेल. दहा हजार लिटरचे २७-२८ टँकर. रोज माणशी १३५ लिटर धरले तर २४ कुटुंबांना तीन आठवडे पुरेल एवढं पाणी. मोठी मिजास करण्याइतकं नाही, पण एप्रिल-मेमध्ये टँकरवाल्यापुढे हात जोडण्यापेक्षा बरं. सोलर, पर्जन्यजल, गांडूळखत यांपैकी एक असेल तर महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात पाच टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर दहा टक्के सूट देते. अर्ज मात्र आपण करायचा.

नव्या इमारतीत पर्जन्यजलाची व्यवस्था नियमानेच करावी लागते, तेव्हा तिथेही ती येईल. माझी काळजी तळघराची आहे. पुण्याच्या जमिनीखाली बेसाल्ट आहे, पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात साठतं. दुमजली बेसमेंट खणलं की तो थरच कापला जातो, आणि पुढे वर्षानुवर्षं पंप लावून झऱ्याचं पाणी गटारात सोडतात. उरलेलं अंगण पेव्हरब्लॉकने झाकतात. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते आपण पाहिलं आहे. पाण्याला मुरायला जागा राहिली नाही की ते घरात येतं.

गेटपाशी एक बकुळ आहे, सोसायटीएवढीच जुनी. २०२१च्या दुरुस्तीनंतर वृक्षतोडीच्या कायद्यात पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात. आमची बकुळ अजून त्यात बसत नाही. तरी झाड तोडायचं तर त्याच्या वयाएवढी रोपं लावायची अट आहे. चाळीसवर रोपं कुठल्या तरी टेकडीवर लागतील. सकाळी ओट्यावर पडलेली फुलं वेचणाऱ्या आजींना त्याचा काय उपयोग?

पाडण्याच्या बाजूचा खरा मुद्दा

हा मुद्दा एका तरुण सभासदाने मांडला आणि मला तो मनापासून पटला. आयडियल कॉलनीचं मेट्रो स्थानक आमच्यापासून चालत सहा मिनिटांवर आहे. आमच्या प्लॉटवर वीस जास्त घरं झाली तर तेवढी कुटुंबं दूर वाघोली किंवा मारुंजीला जाणार नाहीत. तिथे गेली तरी त्यांच्या घरांना सिमेंट लागणारच, शिवाय शेतजमीन जाईल. आणि रोज चाळीस किलोमीटर गाडी चालवली तर वर्षाला एका कुटुंबाचा दीड-पावणेदोन टन कार्बन. या बाजूने पाहिलं तर बाराशे टनांतला निम्मा भार आमच्या माथ्यावरून उतरतो.

म्हणून मेट्रोलगतच्या आणि खरोखर जीर्ण इमारतींबाबत मी रिडेव्हलपमेंटला विरोध करणार नाही. पण बिल्डरच्या नकाशात प्रत्येक नव्या फ्लॅटला दोन चारचाकींची जागा आहे. स्थानक जवळ आहे म्हणून जास्त एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) मागायचा आणि घरं मात्र गाडीवाल्यांसाठी बांधायची, अशाने तो सगळा युक्तिवाद कोसळतो.

पाडायचंच ठरलं तर

मधला रस्ता स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच इमारत बांधण्याचा आहे. २०१९ साली राज्य सरकारने त्याला सवलती जाहीर केल्या. कर्ज उभं करायचं, आर्किटेक्ट आणि ठेकेदार आपण नेमायचे, किती मजले चढवायचे तेही आपण ठरवायचं. पण त्याला पाच-सहा माणसांनी तीन वर्षं घरचं कार्य समजून राबावं लागतं. ती माणसं तुमच्या सोसायटीत आहेत का, हे आधी प्रामाणिकपणे बघा. आमच्याकडे दोनच आहेत.

बिल्डरकडे गेलात तर विकसन करारात हे लिहून घ्या: बेसमेंट नको, पार्किंग स्टिल्ट (इमारतीखालचा मोकळा तळमजला) आणि पोडियमवर (त्यावरचे पार्किंगचे मजले) भागवायचं. फ्लाय अ‍ॅश (वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट वापरायचं. प्लॉटच्या निदान पाचव्या हिश्श्यावर फरशी नको, माती राहू द्यायची. राडारोडा वाघोलीला पोचल्याच्या पावत्या सोसायटीला द्यायच्या. नव्या फ्लॅटला एकच पार्किंग. सोलर किती किलोवॅटचं हे आकड्यात लिहायचं, ‘तरतूद करण्यात येईल’ असं मोघम नाही. निविदा काढतानाच या अटी घातल्या तर बिल्डर त्या धरून भाव देतो. नंतर मागितल्या तर प्रत्येक अट कार्पेट एरियातून कापली जाते.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अखालच्या पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. आमच्याकडे म्हणजे तेरा मतं. विशेष सभा पुढच्या महिन्यात आहे. तोवर डक्टकडच्या चार कॉलमचे आणखी तुकडे काढायला सांगितलं आहे. त्यात सळईपाशी राणी रंग दिसला, तर माझं मत दुरुस्तीला.